पुराचे माप आणि शहराची तग

जालन्यात बसून पुरावर लिहायचे म्हटले की ऐकणारा आधी हसतो. आमचा जिल्हा ओळखला जातो तो टँकरमुळे. इथे वर्षाकाठी सरासरी सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. जालन्याच्या वाट्याला अख्ख्या वर्षात येतो त्याहून अधिक पाऊस मुंबईच्या त्या उपनगरावर एका दिवसरात्रीत कोसळला. २०१२-१३ मध्ये जालना शहराचे नळ कोरडे होते आणि रस्त्यांवर टँकरभोवती घागरींच्या रांगा होत्या. अशा गावातल्या माणसाने पुराची चिंता का करावी?

चिंता करावी, कारण पाऊस सरासरीने पडत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर जो पाऊस झाला, त्याने उभी सोयाबीन, कपाशी आणि खरडून गेलेली जमीन यांचा हिशेब एकाच वेळी मांडायला लावला. महिन्याच्या अखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीने अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतल्या काठच्या गावांची झोप उडवली. त्या दिवसांत सगळीकडे आकडे होते : किती मिलिमीटर, किती क्युसेक, किती हेक्टर, किती कोटी. एक आकडा मात्र कुठेच नव्हता. पाणी ओसरल्यावर कोणते गाव, कोणते शहर किती दिवसांत उभे राहील?

गेली काही वर्षे मी मराठवाड्यातल्या जुन्या पाणीव्यवस्थांच्या नोंदी गोळा करतो आहे. त्या चाळताना माझ्या लक्षात आले की आपण पुराला तीन प्रकारे मोजत आलो. आधी पाण्याची उंची मोजली. मग नुकसान मोजले. तिसरे माप अलीकडचे : शहराची तग. इंग्रजीतल्या ‘रेझिलिअन्स’ या शब्दासाठी ‘लवचीकता’, ‘प्रतिरोधक्षमता’ असे प्रतिशब्द सरकारी अहवालांत दिसतात. मला मात्र आपले ‘तग धरणे’ आणि ‘सावरणे’ हे दोन शब्द पुरेसे वाटतात, आणि ते दोन आहेत हेही बरेच आहे. तग धरणे म्हणजे मोडून न पडणे. सावरणे म्हणजे मोडल्यावर पुन्हा उभे राहणे. ही तीन मापे आपल्याकडे कशी आली आणि तिसऱ्या मापाचे जालन्यासारख्या शहराने काय करावे, एवढाच या लेखाचा विषय.

१. पाण्याची उंची

नाशिकला गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला आले, छातीपर्यंत चढले, डोक्यावरून गेले : नाशिककर आजही पूर असाच सांगतात. शेजारी नारोशंकराच्या देवळाची घंटा आहे; पाणी घंटेला लागले म्हणजे महापूर. ही मापपट्टी कोणत्याही खात्याने बसवलेली नाही, पण तिच्यासारखे प्रभावी माप मी दुसरे पाहिलेले नाही. काठावरच्या दुकानदाराला ‘इतके हजार क्युसेक’ म्हणजे काय हे कळत नाही. ‘मारुतीच्या छातीला पाणी’ म्हणजे दुकान कधी रिकामे करायचे, हे बरोबर कळते. माप आणि कृती यांच्यात तिथे अंतर उरत नाही.

सांगलीला हेच काम आयर्विन पूल करतो. १९२९ साली बांधलेल्या या पुलाखालच्या पाण्याची पातळी फुटांत सांगितली जाते आणि चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीस फुटांवर धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस आणि त्रेचाळीस फूट. सांगलीत २००५ साली पाणी सुमारे ५४ फुटांवर गेले; २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर चढले. २००५ ची खूण पाहून ‘इथवर येणार नाही’ म्हणत पहिल्या मजल्यावर सामान ठेवून निश्चिंत बसलेल्यांचा अंदाज त्या साडेतीन फुटांत बुडाला.

उंचीच्या मापाचे बळ आणि मर्यादा दोन्ही इथे दिसतात. ते सर्वांना कळते, पण ते नदीचे माप आहे, शहराचे नाही. एकाच पातळीच्या पाण्यात एक पेठ आठ दिवसांत दुकाने उघडते आणि दुसरी वस्ती वर्षभर पत्र्याच्या निवाऱ्यात राहते. हा फरक पुलावरच्या पट्टीला दिसत नाही.

२. गावाची जागा हेच माप

जालना जिल्ह्यात नदीचे ज्ञान पट्टीवर कोरलेले नव्हते. ते गावांच्या जागेत होते. याचा एक विलक्षण पुरावा लढाईच्या इतिहासात सापडतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदन तालुक्यातल्या असई इथे शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. मराठ्यांची फौज केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात उभी होती. दिवस पावसाळ्याचे. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले, नदीला जवळपास उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले तेव्हा पिंपळगाव आणि त्याच्या समोरच्या तीरावर आणखी एक गाव अशी दोन गावे समोरासमोर दिसली. इतकी जवळ दोन गावे वसली आहेत त्या अर्थी त्यांच्यात येणेजाणे असणार, आणि येणेजाणे असेल तर उतारही असणार, असा तर्क त्याने केला. तो खरा ठरला. फौज तिथूनच नदीपार झाली आणि दिवसअखेर लढाईचा निकाल लागला.

या प्रसंगाकडे आपण सहसा सेनापतीची हुशारी म्हणून पाहतो. मला त्यात गावांची हुशारी दिसते. कुठे उतरायचे, कुठे राहायचे, कुठे राहायचे नाही, याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण त्या दोन गावांच्या जागेत साठलेले होते. परक्या माणसालाही ते दुरून वाचता आले.

आपल्या भाषेत याची जोडी आहे : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. मराठवाड्यातल्या अनेक जुन्या गावांची पांढरी उंचवट्यावर असते. मातीची घरे पडायची, त्याच जागी पुन्हा बांधली जायची आणि शतकानुशतके गाव आपल्याच ढिगाऱ्यावर वर वर चढत जायचे. केळणेकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली शां. भा. देव आणि र. श. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केले तेव्हा सातवाहनकाळापासूनचे थर एकावर एक सापडले. पाँपेईत मिळालेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली मूर्तीही इथे मिळाली. व्यापाराचे हे गाव नदीला चिकटून होते, पण नदीच्या पात्रात नव्हते.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत हे वाचन आपण विसरलो. गाव पांढरीवरून उतरून काळीत आले आणि शहर काळीतून थेट पात्रात. नियम नाही असे नाही. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखायच्या असतात : पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्ही रेषांमध्ये बंधने. पांढरीचे शहाणपण कागदावर आणण्याचाच हा प्रयत्न. फरक इतकाच, की पांढरी पाळली जायची. ही रेषा बहुतेक शहरांत वादाचा विषय होते.

३. नुकसानीचे माप

दुसरे माप महसूल खात्याचे. मराठवाड्यातल्या माणसाला ते नीट ठाऊक आहे. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी. पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाले तर मदत. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात, पंचनामा होतो. दुष्काळासाठी आणेवारी, म्हणजे आजची पैसेवारी. या मापांवर आपण कितीही टीका करत असलो तरी त्यांनी एक मोठी गोष्ट केली : शेतकऱ्याच्या दुःखाला सरकारदरबारी भाषा दिली. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, हा वाद घालता येतो, मोर्चा काढता येतो.

शहरासाठी अशी भाषा नाही. शहरात पंचनामा होतो तो घराच्या भिंतीचा, भांड्याकुंड्यांचा. त्यातही राष्ट्रीय निकषांतली एक अट आमच्यासारख्या गावांना चमत्कारिक वाटते : कपडे-भांड्यांच्या मदतीसाठी घर वाहून गेलेले, पूर्ण पडलेले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असलेले हवे. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात या ‘दोन दिवसां’वर मोठी ओरड झाली. राज्य सरकारे वेळोवेळी ही अट शिथिल करतात, पण तिच्यामागची कल्पना समजून घेण्यासारखी आहे. ती मोठ्या नदीच्या संथ पुराची कल्पना आहे : कृष्णेचा, पंचगंगेचा, गंगेचा पूर. पाणी हळूहळू चढते, दिवसेंदिवस बसून राहते, सावकाश उतरते.

कुंडलिका आणि सीना या जालना शहरातून वाहणाऱ्या नद्या तशा नाहीत. त्या छोट्या पाणलोटाच्या, उथळ, एरवी कोरड्या. ढगफुटीसारखा पाऊस झाला की त्या काही तासांत फुगतात आणि काही तासांत ओसरतात. सकाळी पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा घरात पाणी नसते. चिखल असतो, भिजलेले धान्य असते, बंद पडलेले शिलाई मशीन असते. पाणी किती तास होते, हे माप इथे नुकसानीबद्दल काहीच सांगत नाही. जे दुःख मापात बसत नाही ते अर्जातही बसत नाही. म्हणून मापाचा प्रश्न हा केवळ अभ्यासकांचा प्रश्न नाही.

४. मुसी, १९०८ : शहर मोजायचे तर कुठून?

आमच्या भागाचा या विषयाशी जुना संबंध आहे, कारण १९४८ पर्यंत जालना हैदराबाद संस्थानात होते आणि पुराने शहाणी झालेली पहिली मोठी भारतीय राजधानी हैदराबाद होती. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. दिवस पाहा : हस्त नक्षत्राच्या तोंडावरचे. सुमारे पंधरा हजार माणसे मेली असे मानले जाते. अफजलगंजच्या बाजूला एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात अजून दाखवतात.

नुकतेच मुंबई सरकारच्या नोकरीतून बाहेर पडलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना निजाम सरकारने बोलावले. १९०९ मध्ये ते आले. नदीच्या काठाला उंच भिंत बांधून द्यावी, अशी अपेक्षा कुणीही केली असती. विश्वेश्वरय्यांनी शहराकडे पाठ फिरवून वरच्या बाजूला पाहिले. शहराच्या वर मुसीच्या खोऱ्यात किती तलाव आहेत? ७८८. त्यातले पुरात किती फुटले? २२१. म्हणजे शहरावर आला तो नुसता पाऊस नव्हता. एकामागून एक फुटत गेलेल्या तलावांचे साठलेले पाणी त्यात होते. पुराचा सर्वोच्च प्रवाह सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट इतका काढण्यात आला. त्यावरून शहराच्या वर दोन मोठे जलाशय सुचवले गेले : १९२० मध्ये उस्मानसागर पूर्ण झाला, १९२७ मध्ये हिमायतसागर. या जलाशयांचे काम दुहेरी होते, पुराला आवर घालणे आणि शहराला पिण्याचे पाणी देणे.

मला या कथेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो तलावांची मोजदाद. शहराची पुराला तोंड देण्याची ताकद शहराच्या हद्दीत मोजता येत नाही. ती पाणलोटात मोजावी लागते. आजच्या भाषेत हे वाक्य कितीही नवे वाटले तरी ते शंभर वर्षांहून जुने आहे आणि आमच्याच संस्थानात सिद्ध झालेले आहे.

५. पानशेत, १९६१ : सावरण्याचे दिवस

दुसरा धडा पुण्याचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही गेले. मुठेकाठच्या पेठांत काय घडले, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. इथे एकाच गोष्टीकडे लक्ष वेधतो. पुराने घरे नेली, पण त्याबरोबर पुण्याचा पाणीपुरवठाही नेला, कारण शहर खडकवासल्याच्या पाण्यावर जगत होते. पाण्यात बुडालेल्या शहरात दुसऱ्या दिवशीपासून प्यायला पाणी नव्हते आणि पुणेकरांना पुन्हा आडा-विहिरींकडे वळावे लागले. ज्या जुन्या सोयी नळ आल्यावर निरुपयोगी ठरवल्या होत्या, त्याच कामी आल्या.

पुनर्वसनाचे काम सदाशिव गोविंद बर्वे यांच्यासारख्या कार्यक्षम अधिकाऱ्याकडे सोपवले गेले आणि त्याच्या वेगाची आठवण पुणे अजून काढते. म्हणजे १९६१ मध्ये पुण्याचे नुकसान प्रचंड झाले, पण सावरणेही मोजण्याजोगे होते : पाणी किती दिवसांत, वीज किती दिवसांत, पूल किती दिवसांत, छप्पर किती महिन्यांत. हे दिवस लोकांच्या आठवणीत राहिले; मापाच्या वहीत त्यांना जागा नव्हती.

६. तगेचे माप

ती जागा पुढे मिळाली. १९७३ साली कॅनडातले परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी एक निबंध लिहिला. जंगल किंवा तळे धक्का बसल्यावर पूर्वस्थितीला किती लवकर येते हा एक प्रश्न. आणि किती मोठा धक्का बसला तर ते मुळातच वेगळे काहीतरी होऊन बसते, हा दुसरा. पहिले सावरणे, दुसरी तग. हॉलिंग यांचे म्हणणे असे, की वरून अगदी स्थिर दिसणारी व्यवस्था आतून ठिसूळ असू शकते आणि सारखी हेलकावणारी व्यवस्था चिवट. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे समजायला निबंधाची गरज नाही.

२००३ मध्ये मिशेल ब्रुनो आणि सहकाऱ्यांनी भूकंपाच्या संदर्भात या कल्पनेला आकड्यांचे रूप दिले. शहराचे कामकाज एका आलेखावर मांडा. आपत्तीच्या क्षणी रेषा खाली कोसळते, मग हळूहळू वर चढते. खड्ड्याची खोली आणि वर यायला लागलेला वेळ मिळून एक त्रिकोण होतो. त्रिकोण जितका लहान, तितकी शहराची तग मोठी. तो लहान करण्याचे मार्ग चार : मजबुती, पर्यायी सोय, हाताशी आहे त्यातून वाट काढण्याची क्षमता आणि वेग. पुण्याचे आड-विहिरी म्हणजे पर्यायी सोय. बर्व्यांचे काम म्हणजे वेग.

मग शहरांना गुण देण्याचा काळ आला. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी सुटून सुरतचा बहुतांश भाग बुडाला होता. २००८ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या आशियाई शहरांच्या कार्यक्रमात सुरत, इंदूर, गोरखपूर आले. सुरतेत धरण ते शहर अशी पूर्वसूचनेची साखळी उभी करण्यावर भर दिला गेला. २०१४ मध्ये अरुप या अभियांत्रिकी संस्थेने शहरांच्या तगेची चौकट मांडली : चार अंगे, बारा उद्दिष्टे, त्याखाली अनेक निर्देशक. ‘शंभर तगदार शहरे’ या उपक्रमात सुरत, चेन्नई, पुणे, जयपूर निवडली गेली. २०१९ मध्ये तो उपक्रमच बंद झाला. विमा कंपनीच्या पाठबळाने २०१३ मध्ये सुरू झालेल्या झुरिच पूर-तग आघाडीने वस्तीपातळीवरचे माप केले : माणसे, नातीगोती, बांधकामे, निसर्ग आणि पैसा अशी पाच भांडवले, त्यांखाली ४४ बाबी, प्रत्येकीला ‘अ’ ते ‘ड’ श्रेणी. पूर येण्याआधी मोजायचे आणि आल्यावर पुन्हा मोजून पाहायचे, की आधीचे माप खरे ठरले का.

या चौकटी वाचताना मला तीन शंका सतावतात. पहिली, बेरजेची. निचऱ्याला कमी गुण आणि बँक खात्यांना जास्त गुण मिळून सरासरी बरी येते. पण तुंबलेला नाला बँक खात्याने वाहता होत नाही. साखळी तुटते ती सर्वांत कमजोर कडीपाशी, सरासरीपाशी नाही. दुसरी शंका शहर नावाच्या एककाची. शहराला एक गुण दिला की काठची पत्र्याची वस्ती आणि टेकडीवरची वसाहत एकाच आकड्यात मिसळतात. तिसरी, मोजणाऱ्याची. बाहेरची संस्था येते, मोजते, अहवाल देते, उपक्रम संपतो. मारुतीची छाती मात्र तिथेच राहते. जे माप लोकांच्या तोंडी राहत नाही ते पुढच्या पुरात उपयोगी पडत नाही.

तरीही या मापांना नाव ठेवून मोकळे होणे मला पटत नाही. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होती, ही साधी गोष्ट २००५ नंतर माधवराव चितळे समितीच्या निमित्ताने घराघरांत चर्चिली गेली आणि पुढचा वाद तरी आकड्यावर आला. माप नसेल तर उरतो तो फक्त आरोप.

७. जालन्यात काय मोजावे?

जुने जालना आणि नवे जालना, म्हणजे कादराबाद, यांच्यामधून कुंडलिका वाहते. गॅझेटियर सांगते, की जमशेदखानाने गावाच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला आणि नळांनी त्याचे पाणी गावातल्या हौदांत आणले. सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. भरभराटीच्या काळात गावाला पाच तलाव होते. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ या म्हणीतल्या सोन्याला पाण्याचा आधार होता. पुढे निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, कुंडलिकेवर शहराच्या वर घाणेवाडीचा तलाव झाला. त्याला बेझनजी फरिदूनजी जालनावाला यांचा हातभार लागला. या तलावाचे पाणी उताराने, विजेशिवाय शहरात येते.

२०१२ च्या दुष्काळात हा तलाव आटला, तेव्हा घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या पुढाकाराने गाळ उपसला गेला आणि शेतकऱ्यांनी तो आपापल्या शेतांत नेऊन टाकला. सगळ्यांनी याकडे दुष्काळाचे काम म्हणून पाहिले. मला ते पुराचेही काम वाटते. विश्वेश्वरय्यांच्या नजरेने पाहिले तर घाणेवाडी हा जालन्याच्या वरचा उस्मानसागर आहे. त्यातला गाळ जितका कमी, तितकी पाणी अडवायची जागा जास्त. पण मराठवाड्यातला धोकादायक पाऊस बहुधा पावसाळ्याच्या शेवटी येतो, तलाव काठोकाठ भरलेले असताना. तेव्हा रिकामी जागा उपयोगाला नसते. तेव्हा प्रश्न असतो बांधाच्या आणि सांडव्याच्या प्रकृतीचा. मुसीच्या खोऱ्यातल्या २२१ तलावांनी हेच शिकवले.

२०१३ पासून जायकवाडीचे पाणीही शहराला मिळते. ते पंपाने येते. पुरात वीज गेली, पंप बंद पडले तर? तेव्हा घाणेवाडीचे उताराचे पाणी हीच आमची पर्यायी सोय. जुना स्रोत ‘आता गरज नाही’ म्हणून सोडून देणाऱ्या शहराने १९६१ चे पुणे आठवावे.

२०२३ मध्ये जालना महानगरपालिका झाली. महानगरपालिकेच्या नव्या विकास आराखड्यांत तगेचा एक मोठा गुणांक यावा, अशी माझी मागणी नाही. मला मोजक्या, रोखठोक, वॉर्डनिहाय गोष्टी मोजलेल्या हव्यात. कुंडलिका आणि सीनेच्या निळ्या रेषेच्या आत किती घरे आहेत आणि दरवर्षी ती वाढतात की घटतात? प्रत्येक पुलाखालची मोकळी जागा किती, आणि मे महिन्यात त्यातला किती भाग कचऱ्याने भरलेला असतो? शहराच्या वरच्या प्रत्येक तलावाचा सांडवा शेवटचा कधी तपासला? किती विहिरी आणि आड पुरानंतर आठ दिवसांत वापरण्याजोगे करता येतील? सूचना मिळाल्यापासून काठची वस्ती रिकामी व्हायला रात्रीच्या वेळी किती मिनिटे लागतात? आणि पाणी ओसरल्यावर प्रत्येक वॉर्डात नळ, वीज, शाळा, रोजंदारी किती दिवसांत पूर्ववत झाली?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तो गरिबाचा आहे. स्टीलच्या कारखान्यातला किंवा बियाणे कंपनीतला रोजंदार चार दिवस कामावर गेला नाही तर घर कर्जात जाते. भिंत पडली नाही म्हणून पंचनाम्यात त्याचे नाव येत नाही, पण त्याचा त्रिकोण सर्वांत मोठा असतो. सावरण्याचे दिवस मोजले तरच तो वहीत येईल.

आमच्याच तालुक्यातले कडवंची गाव हे करू शकले. १९९६ च्या सुमारास तिथे पाणलोटाचे काम सुरू झाले, मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या मदतीने. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध झाले, पुढे शेततळी झाली, द्राक्षबागा आल्या. २०१२ च्या दुष्काळात या बागा टिकल्या, म्हणून अभ्यासकांना गावाचे कौतुक वाटले. त्या गावाने तगेचा निर्देशांक काढला नव्हता. किती पाणी पडले, किती अडले, किती उपसले, याचा हिशेब मात्र गावाच्या डोळ्यासमोर होता. पाणी जास्त झाले तरी तेच बांध त्याचा वेग मोडतात. दुष्काळाची तग आणि पुराची तग ही एकाच खोऱ्याची दोन टोके आहेत. जालन्याने ती वेगवेगळ्या खात्यांत वाटली आहेत.

शहरात हे करायला फार पैसा लागत नाही. कुंडलिकेच्या प्रत्येक पुलाच्या खांबावर ठळक फूटपट्टी रंगवावी आणि तिच्या बाजूला, या खुणेला पाणी लागले की कोणत्या वस्तीने निघायचे, तेही मराठीत, हिंदीत आणि उर्दूत लिहावे. जवळच्या शाळेतल्या मुलांनी पावसाळ्यात रोजची पातळी वहीत नोंदवावी आणि पूर येऊन गेला तर त्याच वहीत पुढच्या पानावर लिहावे, नळाला पाणी कोणत्या तारखेला आले, आपला वर्ग कोणत्या तारखेला भरला, आई कोणत्या तारखेला कामावर गेली. अशा पाच-सात पावसाळ्यांच्या वह्या जमल्या, तर जालन्याची तग किती हे सांगायला बाहेरून कुणाला बोलावावे लागणार नाही.